मांडीपालट

जीप दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी दानूची पिशवी पुन्हा एकदा उघडून बघत होते. तापाचं औषध, थर्मामीटर, उकळलेल्या पाण्याची बाटली, जुन्या साडीचं दुपटं. दानूला ताप नव्हता, ती उंबऱ्यावर बसून टोस्ट खात होती. पण पोर तीन वर्षांची असली की ताप सांगून येत नाही, आणि आम्ही कुठं राहणार हेही मला कुणी धड सांगितलं नव्हतं.

"शांभवी, आवर की," मामंजी सोप्यातनं म्हणाले. "ऊन चढायच्या आत चंदगड गाठायचं हाय."

याला आमच्याकडे सहल म्हणतात. ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव आला की ठराव आणणारे आपल्या बाजूच्या मेंबरांना गाडीत घालून लांब नेतात. कधी गोवा, कधी गोकर्ण, नाहीतर कुणातरी पाहुण्याची काजूची बाग. तिथं जेवायचं, झोपायचं, पत्ते खेळायचे. कुणी भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मतदानाच्या दिवशी जीप थेट पंचायतीच्या दारात.

मी तीन नंबर वॉर्डाची मेंबर. पंचायतीत नऊ मेंबर. सहांनी हात वर केला तर सरपंच चिमणाबाई खाली उतरणार होत्या, आणि सरपंचपद त्या साली बाईला राखीव असल्यामुळं त्यांच्या खुर्चीत मी बसणार होते. पाच हात जमले होते. सहावा माझा.

अडचण एकच होती. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. त्या दिवशी मी सरपंचांकडं मेंबरकीचा राजीनामा देईन, असा शब्द देऊन मामंजींनी लक्ष्मीच्या देवळात हळदीचा भंडारा उचलला होता.

हे कळायला आमच्या वॉर्डाची हकिकत सांगावी लागेल. तीन नंबरात दोन गल्ल्या. वर मठगल्ली, ती आमची, दुकानदार आणि बागायतदार लिंगायतांची. खाली तळ्याकडं उतरत गेलेली तळगल्ली, तिथं मराठ्यांची शेतकरी घरं. पंचायत झाली तेव्हापासून वॉर्डाचा मेंबर मठगल्लीचा. पहिल्यांदा मामंजींचे चुलते, मग मामंजींचे थोरले भाऊ, मग कितीतरी वर्षं मामंजी स्वतः. तळगल्लीत घरं कमी होती म्हणून नव्हे. वॉर्डाची रेषाच अशी होती की देवळापासून सरळ यायची, केरबा पाटलांच्या गोठ्यापाशी आली की बिचकल्यासारखी वळायची आणि अर्धी तळगल्ली दोन नंबरात ढकलून द्यायची. राहिलेली अर्धी आमच्या वॉर्डात कायम कमी पडायची. मी कोल्हापूरला बी.ए. करत असताना राज्यशास्त्राच्या सरांनी अमेरिकेतले मतदारसंघ शिकवले होते. तिथला सत्तेतला पक्ष रेषा अशा ओढतो, की एखाद्या मतदारसंघाचा आकार नकाशावर पालीसारखा दिसतो. आम्ही मुली हसलो होतो. लग्न होऊन मलकापुरासनं इकडं आल्यावर एकदा पंचायतीच्या भिंतीवर आमच्या वॉर्डाचा नकाशा बघितला, आणि मला ती पाल आठवली. कुणाला बोलले नाही.

सत्त्याण्णवला जागा महिलांसाठी राखीव झाली. मामंजींनी माझा अर्ज भरला. त्यांच्या चुलतभावानं आपल्या सुनेचा भरला. मठगल्ली फुटली. आता तळगल्ली ज्याच्या मागं जाईल तो निवडून येणार होता, म्हणून मामंजी जन्मात पहिल्यांदा केरबांच्या सोप्यात जाऊन बसले. ठरलं ते असं: तळगल्लीनं मला साथ द्यायची, चुलतभावानं माघार घ्यायची, निवडणूक बिनविरोध. पहिली अडीच वर्षं मी. मग मी राजीनामा द्यायचा, पोटनिवडणूकही बिनविरोध करायची, आणि उरलेली अडीच वर्षं केरबांची सून अनुजा. तळगल्लीचा पहिला मेंबर.

कागद कुणी मागितला नाही. कागद मागणं म्हणजे माणसाला खोटं म्हणणं. आम्ही इष्टलिंग पुजणारी माणसं, पण गावच्या लक्ष्मीपुढं सगळ्याच गल्ल्यांचं डोकं टेकतं. शब्द मोठा असला की तिथं मांडीपालट करतात. दोन्ही घरांतलं धाकटं पोर दुसऱ्या घरच्या बाईच्या मांडीवर द्यायचं. मग शब्द देणाऱ्यानं एका मुठीत भंडारा घ्यायचा आणि दुसरा हात आपल्या पोराच्या डोक्यावर ठेवायचा. पोर आपलं, मांडी त्यांची. शब्द मोडला तर काय, ते कुणी तोंडानं बोलत नाही.

त्या दिवशी दानू अनुजाच्या मांडीवर रडत होती. अनुजाचा विश्वजित माझ्या मांडीवर माझी बांगडी चोखत होता. दोघांनाही कुंच्या, दोघांचीही कपाळं पिवळी. हलगी कडाडत होती. गाभाऱ्यात भंडाऱ्याची धूळ एवढी, की समई धुक्यातल्यासारखी दिसत होती. मामंजींच्या एका डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू होता. ते वाकले, आणि रोजच्या सवयीनं, दानू माझ्याच मांडीवर असते या सवयीनं, माझ्या मांडीवरच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि शब्द दिला.

विश्वजितच्या डोक्यावर.

लोकांनी भंडारा उधळला. मी मान वर केली तर अनुजा माझ्याकडं बघत होती. म्हणजे तिनं पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. आणखी कुणीच नाही. आता उठून काय म्हणायचं होतं मी? मामंजी, चुकलं, तो हात उचला आणि माझ्या पोरीवर ठेवा? अनुजाही बोलली नाही. नवी सून, भोवती दोन्ही गल्ल्यांचे पुरुष. आम्ही आपापली पोरं उचलून घेतली आणि त्यानंतर अडीच वर्षं तळ्यावर, दुकानात, हळदीकुंकवाला भेटलो, ते नुसतं 'काय, बरं हाय न्हवं' एवढ्यावर.

जीप यायच्या आधी, सकाळीच ती आमच्या परसात आली होती. कडेवर विश्वजित.

"वैनी, जीप कुठं चाललीया?"

"चंदगडकडं. देवाला."

"देव तर हितं बी हाय की." ती हसली नाही. "उद्या अक्षतृतीया. आमच्या सासऱ्यांनी पेढं सांगून ठेवल्यात. तळगल्लीतली पोरंटोरं मला मेंबर म्हणून हाका मारायलीत."

मी दोरीवरचे कपडे काढत राहिले.

"सीट ऱ्हाऊ दे, वैनी. आजवर आमच्यातला कोण झाला न्हाय, आणि म्होरं न्हाय झाला तर मरत न्हाय आमी. पर त्यो हात तेवढा माझ्या पोरावरनं काढा."

"अनुजा, असं काही नसतं. पोरं आजारी पडतात ती पाण्यानं, जंतूंनी."

"व्हय. मी बी बारावी हाय. मला बी म्हाईत हाय काय नसतंय म्हणून." तिनं विश्वजितला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मग तुमच्या पोरीवर घ्या की."

ती गेली. माझ्या हातात दानूचा वाळलेला फ्रॉक होता, तो मी दोनदा घडी घातला.

जीपमध्ये पुढं मामंजी आणि ड्रायव्हर. मागं मी, दानू, माझे यजमान मृत्युंजय आणि हंबीरराव, पाच हातांतले एक. बाकीचे मेंबर दुसऱ्या जीपनं पुढं गेले होते. नेसरी मागं पडली. हंबीररावांना गप्प बसवत नव्हतं.

"सरपंचीणबाई, आमाला इसरू नका बरं का. जास्त काय न्हाय, दाराम्होरं दिवा तेवढा लावा."

"दिवा लावायला खांब पाहिजे," मृत्युंजय म्हणाले. "खांब तुमच्या भावानं गोठ्याच्या आढ्याला घातलाय."

"आता घरातलीच गोष्ट पंचायतीत काढणार व्हय रं तू?"

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. मध्येच ते ड्रायव्हरशी कानडीत बोलायला लागले. मलकापूरच्या पोरीला कानडी कळत नाही असं त्या घरानं लग्नातच धरून टाकलं होतं, आणि मीही ते मोडलं नव्हतं. ते म्हणत होते, उद्याचा एक दिवस गेला की झालं. रात्री झोप लागत नाही म्हणत होते.

दानू सीटवरून पुढं सरकली आणि त्यांच्या खांद्याला धरून म्हणाली, "अज्जा, मला घे."

"नग. तिला मागं ओढ," मामंजी वळूनही न बघता म्हणाले. "उन्हाचं अंगाला अंग नको."

हे ऊन काही आजचं नव्हतं. ठरावाचं बोलणं सुरू झाल्यापासून त्यांनी दानूला जवळ घेतलं नव्हतं. आधी जेवताना पहिला घास तिचा असायचा. आता ती आली की ते काहीतरी काम काढून उठायचे. मला वाटायचं, राजकारणाचा ताप. त्या जीपमध्ये, त्यांच्या आखडलेल्या मानेकडं बघताना मला कळलं. त्यांना दानूची भीती वाटत होती. आपला हात तिच्या डोक्यावर आहे असं ते अडीच वर्षं समजत होते, आणि तरी शब्द मोडायला निघाले होते.

मग माझ्या मनात आलं, यांना खरं सांगितलं तर? आपला हात दुसऱ्याच्या लेकरावर आहे हे कळलं तर हा माणूस थांबेल. स्वतःच्या रक्ताचा धोका माणूस हट्टाला पेटून पत्करतो. परक्याच्या पोराची तरी लाज वाटेल.

चंदगडला स्टँडसमोर जीप थांबली. हवेत काजूच्या बोंडांचा आंबूस वास होता. हंबीरराव भज्यांच्या मागं लागले, मृत्युंजय ड्रायव्हरबरोबर टपरीकडं गेले. मामंजी हॉटेलाच्या बाहेर पिंपातलं पाणी तोंडावर मारत होते. दानूचा हात धरून मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. मांडी कुणाची, पोर कुणाचं, हात कुठं पडला, सगळं.

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"नक्की? तू बघितलंस?"

"मी पण आणि अनुजानं पण."

"शिवा शिवा," ते म्हणाले आणि बाकावर बसले. त्यांच्या तोंडावरचं पाणी हनुवटीवरून गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, दानूला उचललं, मांडीवर घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. तिचे केस ओले झाले.

"म्हंजे आपली पोर मोकळी हाय," ते म्हणाले. "आधी न्हाय का सांगायचं, खुळे? तुझ्या सासूला बी म्या बोललो न्हवतो. जीव टांगणीला लागलावता."

मी वाट बघत होते. पुढचं वाक्य येईल म्हणून.

"आणि विश्वजित?" शेवटी मीच म्हणाले.

"त्येचं काय?"

"त्याच्या डोक्यावर हात आहे तुमचा."

"म्या ठेवायचा म्हणून ठेवला न्हाय. चुकून पडला. चुकल्या हाताची आण लागत न्हाय." त्यांनी भज्यांची बशी मागवली, अडीच वर्षांची भूक लागल्यासारखी. "आता उद्याची काय काळजीच न्हाय बघ."

मला वाटलं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं होतं. त्यांना अडवणारी एकच गोष्ट होती, दानू. ती मी माझ्या हातानं बाजूला केली होती.

"लघवीला नेऊन आणते तिला," मी म्हणाले, आणि दानूला घेतलं.

स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागली होती. मी मागं न बघता चढले. दानू म्हणाली, "आई, जीप तिकडं आहे." मी तिला खिडकीशी बसवलं आणि मग बघितलं, तर टपरीपाशी मृत्युंजय आमच्याकडंच बघत होते. ते रस्ता ओलांडून खिडकीखाली आले.

"कुठं चाललीस?"

"गावाला. चिमणाबाईंकडं."

बापापुढं त्यांचं कधी चाललं नव्हतं आणि ते कधी चालवायलाही गेले नव्हते. ते वळले आणि चालायला लागले. मला वाटलं, आता हाक मारणार. ते जीपमध्ये वाकले आणि दानूची पिशवी घेऊन परत आले.

"हे राहिलं होतं," खिडकीतनं देत म्हणाले. "पाणी पाज तिला." मग हॉटेलाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "हंबीरराव, आणि एकेक चहा सांगा."

गाडी सुटली. पहिल्या वळणापासून मी मागची काच सोडली नाही. उतार, काजूची झाडं, एक बैलगाडी, पुन्हा रिकामा रस्ता. अडकूरच्या पुढं जीप दिसली. आधी धूळ, मग हॉर्न. ती आमच्या शेजारून चालायला लागली, आणि हंबीरराव अर्धे बाहेर वाकून हात करत होते.

"थांबवा की गाडी! आमची बाईमाणूस बसलीया आत!"

कंडक्टर दारात गेला. "पावणं, लाल डबा हाय ह्यो, वडाप न्हवं. हात केला की थांबाय." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "ताई, उतरायचं हाय काय तुमाला?"

"नाही."

"मग बसा."

जीप पुढं निघून गेली. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण पुढं गेलेली जीप मागून येणाऱ्या जीपपेक्षा वाईट. नेसरीच्या स्टँडवर ती नव्हती. आमच्या फाट्यावर होती. रस्त्याच्या कडेला उभी, आणि तिच्यापुढं मामंजी.

मी उतरले. गाडी गेल्यावर एकदम शांत झालं. हंबीरराव जीपला टेकून उभे, मृत्युंजय खाली मान घालून मागच्या सीटवर.

"जीपमध्ये बस," मामंजी म्हणाले. आवाज चढवला नाही. "घरची गोष्ट घरात बोलू."

"राजीनामा देऊन येते. मग बोलू."

"चाळीस वर्षं ह्यो वॉर्ड आमच्या घरात हाय. तळगल्लीला सोडायला म्या मेलोय काय? सरपंच हुतीस तू. ह्या घरात आजवर कोण झालं न्हाय. तुझ्याच पोरीचं भलं हाय त्यात."

"असेल."

"मग? चुकल्या हाताची आण लागत न्हाय, सांगितलं न्हवं तुला?"

मी दानूला खाली उभं केलं. पुढं जे बोलले ते बोलायच्या आधी मी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर बोलले नसते.

"मग आता न चुकता ठेवा," मी म्हणाले. "ही तुमचीच आहे. डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणा, देवळातला शब्द मी मोडला, शांभवी राजीनामा देणार नाही. मी जीपमध्ये बसते. मतदानाच्या दिवशी हातही वर करते."

हंबीरराव टेकलेले सरळ झाले. "अवं, पोरीला कशाला मधी…"

"तुम्ही गप्प बसा."

मामंजींनी हात उचलला. मी बघत होते. तो हात मला पाठ आहे. तळव्याला वजनकाट्याचा घट्टा, करंगळीत तांब्याचं वळं. दानूनं त्यांच्याकडं वर पाहिलं, तिला वाटलं घेणार आहेत, आणि तिनं दोन्ही हात वर केले. हात तिच्या डोक्यावर येऊन थांबला, केसांना लागेल न लागेल असा. त्या क्षणी मी बी.ए. नव्हते, मेंबर नव्हते, कुणीच नव्हते. ठेवू नका, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आणखी एक श्वास गेला असता तर मीच दानूला ओढून घेतलं असतं, आणि जीपमध्ये जाऊन बसले असते.

हात खाली आला. दानूच्या डोक्यावर नाही. त्यांच्या स्वतःच्या धोतराला पुसला गेला.

"जा," ते म्हणाले.

चिमणाबाई दारात गहू निवडत होत्या. मी तिथंच, त्यांच्याच नातवाच्या वहीचं पान फाडून दोन ओळी लिहिल्या, शेजारच्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या. चिमणाबाईंनी कागद घडी करून कमरेला खोचला.

"तुझा सासरा मला खाली वढाय निघालावता," त्या म्हणाल्या. "आणि तूच वर ठेवलीस. च्या घे."

"नको."

"माझ्यासाठी न्हाय केलंस, म्हाईत हाय मला. तरी घे."

दुसऱ्या दिवशी देवळात हलगी नव्हती. शब्द पाळल्यावर भंडारा उतरवतात, म्हणजे शब्द देणारा आपल्या पोराचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसतो, तेव्हाही मांडीपालट करावी लागते. दानू अनुजाच्या मांडीवर, विश्वजित माझ्या. आता ही पोरं मांडीत मावत नव्हती. विश्वजितचे पाय फरशीला लागत होते. मामंजी येतील असं मठगल्लीत कुणालाच वाटत नव्हतं. घरी ते रात्रीपासून माझ्याशी बोलले नव्हते, आणि पुढंही कितीतरी दिवस बोलणार नव्हते. पण ते आले. ओल्या फडक्यासह, कपाळाला विभूती, कुणाकडं न बघता.

ते सरळ माझ्यासमोर वाकले आणि विश्वजितचं कपाळ पुसायला लागले. काळजीपूर्वक, केसांच्या मुळापर्यंत.

मागं कुणीतरी हसलं. "अप्पा, त्ये केरबाचं हाय. तुमचं पलीकडल्या मांडीवर हाय."

"म्हाईत हाय मला," मामंजी म्हणाले, आणि पुसत राहिले.

केरबा त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग आपल्या सुनेकडं. मामंजी उठले, दोन पावलं पलीकडं गेले आणि दानूच्या कपाळावरूनही फडकं फिरवलं.

पेढे वाटायच्या आत, लोक उठायच्याही आत अनुजा माझ्यापाशी आली आणि तिनं विश्वजितला उचललं. दानूला माझ्या मांडीत ठेवलं. तिचा हात माझ्या हाताला लागला, थंडगार होता.

"काय वैनी," ती म्हणाली, "बरं हाय न्हवं?"